सही करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते चालणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमच्या रॉकेटच्या तपासणीच्या कागदावर खाली एक चौकोन असतो, 'तपासणारा'. तो भरून घ्यायला तुमच्याआधी मोठमोठ्या नावांचे उंबरे झिजवून झाले होते. एका महाशयांनी कागद न उघडताच 'सगळं उत्तम' असा निरोप पाठवला. सहीचं नाव काढताच फोन उचलणं बंद. दुसऱ्यांनी कामापायी रात्रीच्या रात्री ऑफिसात कशा काढल्या, मुलं कधी मोठी झाली ते कळलंच नाही, हे अभिमानाने ऐकवलं. ड्रॉइंगकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. सल्ला द्यायला काय जातं हो!

विमानांमध्ये आयुष्य घालवलेले तुम्ही. आल्या आल्या सांगितलंत की सातला निघणार, घरी जेवायला थांबतात. आणि पिशवीतून स्वतःचा टॉर्क रेंच काढलात, म्हणजे ठरवलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा पाना.

मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, धरून ठेवणाऱ्या रिंगचे १२ बोल्ट. ही रिंग सैल राहिली तर पॅराशूट बाहेर ढकलायचा दाब मोटरलाच मागे फेकून देतो, पॅराशूट आतच अडकतं आणि रॉकेट नाकावर जमिनीत. आट्यांना तेलाचा थेंबही नको म्हणालात, कारण ड्रॉइंगवरचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, कोरड्या आट्यांचा आहे. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. तेलाने घर्षण घटलं की तोच आकडा बोल्टला भलताच ताणतो आणि आटे उतरतात. समोरासमोरच्या जोड्या धरून तीन फेऱ्यांत आवळायला लावलंत: आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. एकाच फेरीत आवळलं की रिंग एका बाजूला बसते आणि आधी आवळलेले बोल्ट नंतर ढिले पडतात. आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट नुसत्या बोटांनी खालपर्यंत फिरला तर तो बाद, हेही तेव्हाच कळलं.

मग तुम्ही स्वतः एकेक बोल्ट तपासायला घेतलात. रेंच लावायचा, 'टक्' ऐकायचं, बोल्टच्या डोक्यावरून रिंगवर रंगाची रेघ ओढायची, कागदावर खूण करायची. सात बोल्ट झाले आणि तुमच्या मुलीचा फोन आला. तो तुम्ही कापला नाहीत. रेंच खाली ठेवलात, स्टुलावर बसून सायकलच्या उतरणाऱ्या चेनबद्दल तिच्याशी निवांत बोललात. परत आलात ते आठव्याकडे गेलाच नाहीत. पाच, सहा, सातच्या खुणा खोडल्यात, शेजारी 'फोन' असं लिहिलंत आणि पाचव्यापासून पुन्हा सुरुवात केलीत. 'काम मध्येच तुटलं की तीन पावलं मागे,' इतकंच म्हणालात.

बारावा झाल्यावर पूर्ण नावाची सही केलीत, खाली वेळ घातलीत. सर, आभार मुख्यतः त्या तीन खोडलेल्या खुणांचे. त्या तशाच राहिल्या असत्या तरी कोणाला काही कळलं नसतं.

१० जून १९९० ला एका बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं, सगळे वाचले. ती काच आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिलिमीटरने बारीक होते, कारण ते पार्ट नंबर न बघता जुन्या बोल्टशी डोळ्यांनी जुळवून निवडले होते. बसवणारा माणूस अनुभवी, कामसू होता. पहाटेच्या वेळी डोळे दगा देतात, तो कितीही कामसू असो. म्हणून रात्र रात्र जागल्याची फुशारकी मारणाऱ्यांपेक्षा सातला घरी जाणाऱ्याच्या सहीवर आमचा विश्वास जास्त. मुलीचं बोलणं अर्धवट न तोडणारा माणूस बोल्टही अर्धवट सोडत नाही, असं आमचं मत झालंय. अशी सरळ माणसं आपला गाजावाजा करत नाहीत, त्यामुळे ती शोधावी लागतात, हीच काय ती अडचण.

तपासणीच्या कागदात आता 'व्यत्यय' नावाचा रकाना आहे: काय झालं, किती वाजता, कुठून पुन्हा सुरू केलं. तो रिकामा ठेवून कागद पुढे सरकत नाही; काही घडलं नसेल तर 'नाही' असं लिहावं लागतं. पुढची तपासणी पंखांच्या जोडांची आहे. जोड चिकटवणारं इपॉक्सी पूर्ण सुकायला २४ तास देऊन मगच तुम्हाला बोलावू. दिवस काकूंना विचारून तुम्हीच ठरवा. साडेसहाला आवरायचं, हे आमच्याकडून पक्कं.

काकूंना नमस्कार. आणि त्या सायकलची चेन अजून उतरत असेल तर मागचं चाक समोरच्या दातेरी चक्राशी सरळ रेषेत आहे का, ते आधी बघायला सांगा.

आपले,
रॉकेट गटातले सगळे