जुन्या स्लाइड व नमुन्यांच्या नोंदींबाबत सूचना

नाशिकमधील सर्व सभासद तंत्रज्ञांना विनंती आहे की, स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात ईआर, पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक) व हर-२ (पेशींच्या वाढीशी निगडित प्रथिन) ही प्रथिने ओळखण्याच्या रंजनासाठी ६ आठवड्यांहून जुने, स्लाइडवरील ऊतीचे पातळ काप वापरू नयेत; हवा व ओलावा लागून ऊतीतील प्रथिनांची ओळख पुसट होत जाते, ईआरमध्ये पेशीकेंद्रकावर दिसायला हवा तो तपकिरी रंग फिका पडतो आणि मुळात पॉझिटिव्ह असलेला नमुना निगेटिव्ह भासतो. पावसाळ्यात तर विशेष जपावे. लागतील तेवढेच काप घ्यावेत, ऊती मेणात बसवलेले ठोकळे थंड व कोरड्या जागी ठेवावेत.

मालेगाव, इगतपुरीहून येणारा नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) गेला का आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला का, ही नोंद आग्रहाने मागून घ्यावी. नोंद नसल्यास निगेटिव्ह निकालावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.