ताप आला का विचारतो, मग हेच का नाही?

मा. संपादक,
स.न.

कोणी प्रवासाला निघालं म्हणून दवाखान्यात आलं की आमचं डॉक्टर लोकांचं ठरलेलं असतं. कुठे चाललात, किती दिवस, तिकडे मलेरिया आहे का, पिवळ्या तापाची लस लागते का, ओआरएस बरोबर ठेवा, झालं. मी फॅमिली डॉक्टर आहे आणि खरं सांगतो, कित्येक वर्षं माझंही एवढंच चालायचं. लैंगिक संबंधांबद्दल एक अक्षर नाही. पेशंटला काय वाटेल असं म्हणायचो, लाज खरं तर मलाच वाटायची.

एका पेशंटने डोळे उघडले. परदेशातून येऊन दोन महिने झालेले, बारीक ताप, घसा दुखतोय, अंगावर पुरळ. मी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड सगळ्या टेस्ट केल्या, सगळं निगेटिव्ह, मग अ‍ॅलर्जी असेल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. पुरळ तळहातांवर आणि तळपायांवर पण होतं, ते बघूनसुद्धा माझ्या डोक्यात सिफिलिस, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार, आला नाही, आता बोला! दुसऱ्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, त्याने सरळ सांगितलं. लवकर सापडलेला सिफिलिस पेनिसिलिनच्या एका डोसात बरा होतो हो. माणूस सांगायला तयार होता, मीच विचारलं नाही, हे जास्त लागलं.

आणि त्याला निदान पुरळ तरी आलं. क्लॅमिडिया या संबंधांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या आजारात बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, कळतं ते थेट मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 मध्ये क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनियासिस या चार बऱ्या होणाऱ्या आजारांची मिळून 37.4 कोटी नवी इन्फेक्शन्स झाली. तरी आपण त्यांना गुप्तरोगच म्हणतो, म्हणजे नावातच गप्प बसा सांगून ठेवलंय.

दुसरा घोळ टायमिंगचा. घाबरलेला माणूस परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट करतो, निगेटिव्ह आली की निवांत. पण संबंधानंतर टेस्टमध्ये नक्की दिसायला क्लॅमिडिया-गोनोरियाला साधारण दोन आठवडे जावे लागतात, एचआयव्हीच्या लॅबमधल्या अँटिजेन-अँटिबॉडी टेस्टला 45 दिवसांपर्यंत, घरच्या किटला आणि सिफिलिसला 90 दिवसांपर्यंत. शिवाय घशातला गोनोरिया लघवीच्या टेस्टमध्ये दिसत नाही, त्यामुळे संबंध कसे आले हेही विचारावं लागतं, दोघांनाही कितीही अवघड वाटलं तरी.

काही गोष्टी तर जायच्या आधीच सांगायला हव्यात. एचआयव्हीची शंका असेल तर पीईपीच्या, म्हणजे लागण टाळायच्या, गोळ्या संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात, परत आल्यावर सांगून काय उपयोग? हिपॅटायटिस बी ही संबंधांतून पसरतो, त्याची लस एरवी सहा महिन्यांत पूर्ण होते, पण घाई असेल तर 0, 7 आणि 21 व्या दिवशी देऊन वर्षाने चौथा डोस देता येतो, म्हणजे हातात तीन आठवडे असले तरी चालतं.

आता मी म्हणतो, "प्रवासाहून आलेल्या सगळ्यांनाच मी हे विचारतो, नाही सांगायचं तर नका सांगू, टेस्ट तरीही करू." सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, साठीतले, लग्न झालेले, ऑफिसच्या कामाने एकटी फिरणारी बाई, सगळे. चेहरा बघून विचारायला लागलो की ज्याला विचारलं त्याचा अपमान होतो आणि ज्याला नाही विचारलं त्याचा आजार राहतो. राग फार कोणाला येत नाही, उलट बरेच जण हुश्श करतात.

एकच गोष्ट अजून जमलेली नाही, नवरा-बायको एकत्र आत आले की एकाला काय सांगून बाहेर बसवायचं. वजन-बीपीसाठी सिस्टरकडे पाठवतो, पण ते आता लोकांच्या लक्षात यायला लागलंय. कोणी डॉक्टर हे नीट करत असतील तर त्यांनी याच सदरात लिहावं ही विनंती.

- एक फॅमिली डॉक्टर