त्वचारोग्याच्या मनाचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवार पेठेत माझे औषधांचे दुकान आहे. सोरायसिस, कोड, जुने इसब असलेली गिऱ्हाइके बहुधा रात्री शटर ओढायच्या सुमारास येतात. आवाज खाली करून म्हणतात, ‘‘तेवढं नेहमीचं मलम द्या की ओ.’’ परवा एका बाईंनी, मी हात पुढे केलेला असतानाही, पैसे काउंटरवर ठेवले. चारचौघे शिवायचे टाळू लागले की माणूस आपणच हात आखडता घेतो.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि खपल्या धरतात. 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव करून या आजाराची गंभीर दखल घेतली, तेव्हा तो असंसर्गजन्य असल्याचेही नोंदवले. पण तालमीतल्या पोरांना हे कोण सांगणार? गजकर्ण मातीत, लंगोटात खरोखरच पसरते, त्यामुळे त्यांची भीती अगदीच खोटी नाही. फरक डॉक्टरच सांगू शकतो. तोवर ज्याच्या कोपरावर चट्टे, त्याला जोड मिळत नाही. कोड असलेल्या मुलींच्या लग्नाच्या बैठकी कशा मोडतात, ते तर कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

खाजेने झोप जाते, झोपेविना चिडचिड आणि उदासी वाढते, आणि ताण वाढला की सोरायसिस पुन्हा उसळतो. अशा रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळते. तरीही चिठ्ठीवर बहुधा मलम आणि गोळ्याच असतात. काही जण मनाच्या डॉक्टरांकडे जातात, पण गुपचूप, आणि तिथे कातडीचा विषय काढत नाहीत. इथे खरा घोटाळा होतो. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरायला देतात त्या लिथियमने सोरायसिस बळावू शकतो. धडधड कमी करायला देतात त्या प्रोप्रॅनोलॉलनेही. उलट पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडने झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहणारा कधी कधी फक्त औषध दुकानदारच असतो, तोही गिऱ्हाईक दोन्ही औषधे एकाच दुकानातून घेत असेल तर! म्हणून म्हणतो, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही फायली दाखवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

त्वचारोगतज्ज्ञांना विनंती एवढीच, की झोप लागते का आणि गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असे झाले का, हे तपासताना विचारावे. त्याला मिनिटभर पुरते. मरणाचे विचार येतात असे कुणी म्हणाले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. औषधाच्या पिशवीवर त्याचा शिक्का मारायला मी सुरुवात केली आहे. शहरातल्या इतर दुकानदारांनीही मारावा. रबरी शिक्क्याचा खर्च तो काय!

– एक औषध विक्रेता, कोल्हापूर