बाबा, मी ऑफिसात नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा आत्याचा फोन होता. तिच्याकडून कळलं की बाबा गावात मी जर्मनीत 'हॉस्पिटलच्या ऑफिसात' आहे म्हणून सांगतात. आत्या हसत होती, मला काही हसू आलं नाही. रागही आला नाही म्हणा. देवळासमोर चारचौघांत बसल्यावर 'पोरगी परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते' हे तोंडातून निघणं किती जड जात असेल ते कळतं मला. आपल्याकडे नुसतं नर्स म्हटलं तरी लोक नाक मुरडतात, आणि घरचं माणूस आयसीयूत पडलं की 'सिस्टर, जरा बघा हो' करत तिच्याच मागे फिरतात. पण एकदा मीच सगळं लिहून कळवते. पुढं गावात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी इथं नर्सिंग शिकते, पण हे काही कॉलेज नाही. तीन वर्षांचा करार असतो, काही आठवडे शाळा, काही आठवडे काम. 2,100 तास वर्गात आणि 2,500 तास प्रत्यक्ष माणसांजवळ, असा कायदाच आहे. पूर्वी लहान मुलांची, आजाऱ्यांची आणि म्हाताऱ्यांची नर्स असं वेगवेगळं शिकवायचे. 2020 पासून सगळं एकत्र केलं. त्यामुळं मी मूळची वृद्धाश्रमातली असले तरी हॉस्पिटलात, घरोघरी जाणाऱ्या गाडीवर, मुलांच्या वॉर्डात, मनोरुग्णांकडं, सगळीकडं पाठवतात. शेवटी सरकारी परीक्षा. लेखी, तोंडी, आणि एक खऱ्या माणसाच्या खाटेशी उभं राहून.

आता आंघोळीचं. सकाळी सहाला पाळी सुरू होते. आधी दार वाजवायचं. आतल्या माणसाला ऐकू येत नसलं तरी वाजवायचं, कारण खोली त्याची आहे. पाणी चालेल का म्हणून विचारायचं. तोंड पहिलं, साबण न लावता. जेवढं धुवायचं तेवढंच अंग उघडं, बाकी टॉवेलखाली. कुशीवर वळवलं की माकडहाड आणि टाचा बघायच्या. कातडी लाल दिसली तर बोटानं दाबून धरायची. बोट उचलल्यावर लाली तशीच राहिली तर बेडसोर सुरू झाला असं समजायचं आणि ताबडतोब लिहून ठेवायचं. कूस किती वाजता बदलली, पाणी किती प्यायलं, तेही लिहायचं. वरून बघणाऱ्याला आंघोळ दिसते. मी त्या वीस मिनिटांत ते माणूस डोक्यापासून पायापर्यंत तपासलेलं असतं.

आजी शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आईनं हेच केलं की. कुणी शिकवलं नव्हतं तिला. सगळी भावकी म्हणायची, सून असावी तर अशी. फुकट केलं तर पुण्य, आणि त्याच कामाचा पगार घेतला तर हलकं, हा कुठला हिशोब बाबा?

गाव म्हणाल तर आउरिशजवळचं, जर्मनीच्या वायव्य टोकाला ओस्टफ्रीसलांडातलं, समुद्रापासून फार लांब नाही. सपाट म्हणजे किती सपाट! आपल्या बेळगावकडचा राजहंसगड सोडा, टेकाडसुद्धा नाही. उंच काय ते समुद्र अडवायला घातलेले मातीचे बांध, त्यावर मेंढ्या, आणि इकडं शिवारात काळ्या-पांढऱ्या गायी. संध्याकाळनंतर बस नाही म्हणून मी सायकलवर, आणि वारा नेहमी समोरून. बेकरीतल्या बाईला माझी पाळी कधी आहे ते माझ्याआधी ठाऊक असतं. यळ्ळूरच्या पोरीला यात नवीन ते काय!

आई, तुला न पटणारी गोष्ट सांगते. इथं चहा ढवळायचा नाही. पातळ कपात खडीसाखरेचा खडा टाकतात, त्यावर कडक काळा चहा ओतला की तो तडतडतो. मग कडेनं अलगद साय सोडतात. आधी साय तोंडाला लागते, मग कडू चहा, तळाशी गोड. तीन कप घ्यायचेच. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर भरतच राहतात. दुपारी तीनला आमचे सगळे आजी-आजोबा याच्यासाठी बसून असतात, स्वतःचं नाव विसरलेलेसुद्धा.

बोलण्याची मात्र गंमत आहे. मी जर्मनची बी-2 पातळीची परीक्षा पास होऊन आले ती पुस्तकी जर्मनवर. म्हातारी माणसं बोलतात प्लाट, म्हणजे इकडची जुनी बोली, ती वेगळीच. माझ्याबरोबरच्या परदेशी मुली पहिले काही महिने रडकुंडीला आल्या होत्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. आपला जमिनीचा उतारा येतो कन्नडात, त्यावरून भांडायचं मराठीत, आणि शनिवारच्या बाजारात दोन्ही. कागद एका भाषेत आणि माणूस दुसऱ्या भाषेत, हे मी लहानपणापासून बघतेय. एक जुने शेतकरी आजोबा आहेत, ते रोज मला विचारतात तुमच्याकडं गायी किती. मी मोडक्यातोडक्या प्लाटमध्ये रोज सांगते, गाय नाही, म्हशी. म्हशीच्या दुधाला सात टक्के फॅट लागते म्हटल्यावर त्यांनी मला थापाडी ठरवलंय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

रडू येतं का म्हणून आई दर वेळी विचारते. येतं. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो तेव्हा जास्त. आता उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो, मग रडायला वेळ मिळत नाही.

वेशीजवळच्या काकांना त्यांच्या मुलीसाठी एजंटाचा नंबर पाहिजे असं आत्या म्हणाली. नंबर देऊ नका. आधी तिला म्हणावं, भाषा शिक. बहुतेक ठिकाणी बी-2 मागतात, आणि त्याच्या खाली असेल तर वर्गात मान हलवत बसावं लागतं. शाळेला फी नाही, उलट पहिल्या वर्षापासून महिन्याला साधारण 1,300-1,400 युरो पगार, कापून हातात हजाराच्या आसपास, त्यातून भाडं. मग एजंट लाखांत पैसे मागतोय ते कशाचे, एवढं काकांनी विचारावं. करार स्वतः वाचायचा. गाव कुठलं, राहायचं कुठं, मध्येच सोडलं तर दंड आहे का. पहिले सहा महिने एकमेकांना पारखायचे असतात, त्यात दोन्हीकडून सोडता येतं. आणि ही बीएस्सीची पदवी नाही हेही तिला आधीच कळू दे. 2024 ला महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, त्यावर काकांनी फार भिस्त ठेवू नये. तो करार महाराष्ट्राचा आणि आपण कर्नाटकात, हे सीमाभागातल्या माणसाला मी काय सांगणार!

बाबा, आता तुमच्या पायाचं. चुलीजवळ निखाऱ्यावर पाय पडला आणि तुम्हाला कळलंच नाही, हे आईनं बोलता बोलता सांगून टाकलं. तिच्यावर ओरडू नका. शुगर बरीच वर्षं असली की पायातल्या नसा मरतात. दुखत नाही म्हणून बरं आहे असं नसतं, दुखत नाही हाच आजार आहे. मी इथं रोज अशा माणसांचे पाय बघते. बोटांच्या बेचक्या, तळवा, टाच, नखांच्या कडा. एवढ्याशा फोडावरून बोट काढावं लागलेली माणसं आमच्याकडं आहेत. म्हणून रोज रात्री आईनं बॅटरी लावून पाय बघायचा, तळवा पण. बेचक्या कोरड्या करायच्या. शेकायला गरम पाणी नाही. पाण्यात पाय घालण्याआधी आईनं कोपर बुडवून बघायचं. फोड फोडायचा नाही, हळद-चुना काही भरायचं नाही. रोपलागणीला यंदा तुम्ही चिखलात उतरायचं नाही. बांधावर उभं राहून ओरडायला कुणाची मनाई नाही, ते काम तसंही तुम्हीच करता.

आणि ती भाजलेली जागा या आठवड्यात सिव्हिलमध्ये दाखवा. शुगरची जुनी कागदं पिशवीत घ्या. मोजे, चप्पल काढून दोन्ही पाय दाखवायचे, एकच नाही. तिथं सिस्टर पायाला हात लावेल तेव्हा 'राहू दे, राहू दे' करून पाय मागं घेऊ नका. तिला तिचं काम करू द्या. बायकांना फुकट प्रवासाच्या शक्ती योजनेमुळं आईला सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे नाहीत, तुमचं तेवढं काढावं लागेल.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो दादाला पाठवायला सांगा. रविवारी मला सुटी आहे. माझे दुपारचे दोन म्हणजे तुमचे साडेपाच, तेव्हा व्हिडिओ कॉल करते. फोन नेहमीसारखा तोंडासमोर धरू नका, पायासमोर धरा.

तुमची,
थोरली