राजीनामा दिलाय, आधी पूर्ण वाचा

ती. बाबा आणि आईस सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं, पण दरवेळी आईनं "जेवलीस का?" विचारलं आणि ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते. मागच्या शुक्रवारी मी नोकरीचा राजीनामा दिला. बाबा, लगेच फोनकडे जाऊ नका, पूर्ण वाचा. आठ महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे बाजूला काढलेत. अक्काच्या हप्त्याला मी हात लावलेला नाही. मेसमध्ये जोंधळ्याची भाकरी मिळते, गरम पाणी मिळतं, खोलीला खिडकी आहे.

मला कर्नलचं काम शिकायचंय. संगणकाचं यंत्र आणि वरचे प्रोग्रॅम यांच्या मधे कर्नल असतो. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्क कशी वाचायची, हे तोच बघतो. लिनक्सचा कर्नल १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिहायला घेतला. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. आपल्या मशीनला काय हवं, काय नको ते निवडून तो स्वतः कंपाइल करता येतो, म्हणजे कोडपासून चालणारा कर्नल बनवता येतो. तुम्ही उद्यमबागच्या फाउंड्रीत साचा भरायचात तसंच आहे बाबा. आत चूक राहिली की ओतलेलं वाया.

माझंही वाया गेलं. कर्नलच्या निवडीच्या मेन्यूतले हजारो पर्याय बघून वाटलं, नको ते सगळं काढून टाकावं. लॅपटॉप रात्रभर चालला. सकाळी काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक', म्हणजे कर्नल अडकून थांबलेला. रूट फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मुख्य मांडणी, त्याला जोडता येईना. डिस्कवरची फाइलसिस्टिम वाचणारा भागच मी काढला होता. फार रडले. पण जुना कर्नल मी पुसला नव्हता. मशीन सुरू होताना कुठला कर्नल चालवायचा ते विचारणारा ग्रब असतो, त्याच्या यादीत तो निवडला आणि मशीन उभं राहिलं.

दुसऱ्यांदा चालू कर्नलची कॉन्फिग फाइल, म्हणजे निवडलेल्या पर्यायांची यादी, आधी उतरवून घेतली, मग 'लोकलमॉडकॉन्फिग' चालवलं. त्या घडीला मशीनमधे लोड असलेलीच मोड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे सुटे भाग, ते ठेवतं, म्हणून काम तासाभरात आटोपलं. फक्त पेनड्राइव्ह लावून ठेवायचा राहिला, आणि नव्या कर्नलवर तोच चालेना! तेही नीट केलं. कर्नलच्या आवृत्तीपुढे आपला शब्द जोडता येतो. आता माझ्या मशीनला आवृत्ती विचारली की ६.१२ च्या पुढे 'नंदगड' येतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा संध्याकाळच्या एस. टी.तून उतरणारे तुम्हीच आठवलात. तुमच्या बाहीच्या घडीतली काळी वाळू मी बोटानं काढायची आणि विचारायची, आज काय ओतलं? तुम्ही मला प्रत्येक तुकड्याचं नाव सांगायचात. दमलेले असूनही सांगायचात.

त्या नोकरीत मी दोन वर्षं दुसऱ्याचं तयार झालेलं तपासत होते. वाईट नव्हती ती, साहेबही चांगले होते. जमलं नाही तर परत तशी नोकरी शोधीन, हा शब्द देते.

आता माझं ऐका. बाबा, खोकला महिनाभर झाला. शनिवारी बेळगावला जाऊन छातीचा फोटो काढून घ्या, आणि फाउंड्रीत किती वर्षं होतात ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. अक्का सोबत येईल, तिच्याशी बोलले आहे. कौलं परतायला माणूस लावा, स्वतः वर चढायचं नाही. आई, साखरेची गोळी जेवणाआधी. कुंदा आणला तर एक चमचा, दोन नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण गोळ्या चुकवू नका.

गणपतीला चार दिवस आधी येते. लॅपटॉप घेऊनच येईन, ओसरीवर बसून दाखवते.

तुमची,
चिमी