सार्वजनिक पोस्टचा प्रवाह अभ्यासकांना कायद्याने खुला व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. २०१९ ते २०२२ असे चार पावसाळे मी आणि माझे काही विद्यार्थी मुंबईच्या पावसाविषयी ट्विटरवर, म्हणजे आताच्या ‘एक्स’वर, येणाऱ्या सार्वजनिक पोस्ट गोळा करत होतो. पाणी कुठे आणि किती वाजता भरू लागले, हे लोकांच्या लिहिण्यावरून किती लवकर कळू शकते, एवढाच आमचा प्रश्न होता. असे संशोधन आता सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

अशा संकलनात आपला संगणक त्या माध्यमाच्या संगणकाशी एकदा जोडला की जोडणी चालू राहते आणि आपण दिलेले शब्द असलेल्या पोस्ट, लोक लिहितील तशा, एकामागून एक येत राहतात. प्रत्येक पोस्टबरोबर तिची वेळ, भाषेची खूण आणि लिहिणाऱ्याने स्वतः नोंदवले असेल तर ठिकाणही येते. शब्द न देता घेतल्यास एकूण पोस्टपैकी सुमारे एक टक्का नमुना त्या काळी विनामूल्य मिळत असे. या प्रवाहाची अडचण अशी की जोडणी तुटली तर तेवढ्या वेळातले सगळे वाहून जाते. एका जुलैच्या रात्री आमच्याकडे वीज गेली, बॅटरी तासाभरात संपली, आणि हिंदमाता व सायन भागात पाणी चढत असतानाचे तीन तास आमच्या नोंदीत कोरे राहिले. जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने संशोधकांसाठी वेगळी सोय सुरू केली, तिच्यात जुना संग्रह शोधता येई आणि महिन्याला १ कोटी पोस्टपर्यंत घेता येत. ते तीन तास आम्हाला पुढे त्यामुळेच भरून काढता आले.

खरे कष्ट पडले ते मराठीमुळे. ‘पाऊस’ हा शब्द दिला की निम्म्याहून अधिक कविता आणि कांदाभज्यांची छायाचित्रे येत. ‘पाणी’ दिला की उन्हाळ्यातल्या टँकरच्या तक्रारी. शेवटी ‘तुंबलंय’, ‘साचलंय’, ‘गुडघाभर’, ‘कमरेएवढं’ हे शब्द उपयोगी पडले, कारण पाण्यात उभा असलेला माणूस हेच शब्द वापरतो. पण तोच माणूस घाईत रोमन लिपीत ‘pani tumblay’ असेही लिहितो, आणि अशा पोस्टवर मराठीची खूण बहुतेक वेळा नसायची. खुणेवर विसंबून नुसती मराठी वेगळी काढली असती, तर नेमकी अडकलेली माणसेच वगळली गेली असती. महापालिकेचे उपरोधाने आभार मानणारी पोस्ट संगणक बिनदिक्कत ‘समाधानी’ या रकान्यात टाकतो, म्हणून विद्यार्थिनींनी हजारो पोस्ट एकेक वाचून हाताने वर्ग ठरवले. पुण्यातील ‘एल३क्यूब’ गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा भावनानिहाय वर्गीकृत संच खुला केला, त्यामागेही असेच श्रम आहेत. असे संच नसतील तर संगणकाला कळणारी मराठी ही फक्त छापील मराठी राहील.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने विनामूल्य प्रवेश बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यानंतरची सर्वांत स्वस्त सशुल्क योजना महिन्याला १०० डॉलरची होती आणि तिच्यात फक्त १० हजार पोस्ट वाचता येत. मोठ्या पावसाच्या दिवशी एवढ्या पोस्ट काही तासांतच संपतात. फेसबुकची मालक कंपनी मेटाने सार्वजनिक पोस्टचा अभ्यास करण्याचे ‘क्राउडटँगल’ हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. ट्विटरच्या नियमांनुसार संशोधकांना मोठे संच एकमेकांना देताना पोस्टचा मजकूर न देता केवळ तिचा क्रमांक देता येई, म्हणजे लेखकाने पोस्ट पुसली तर ती संचातूनही जावी. हा नियम मला आजही योग्य वाटतो, परंतु क्रमांकावरून मजकूर परत मिळवण्याचा परवडणारा मार्गच बंद झाल्याने जगभरातले असे कितीतरी संच आता आकड्यांच्या निरुपयोगी याद्या झाले आहेत.

लोकांच्या पोस्ट गोळा करण्याला विरोध असणाऱ्यांची भीती मी हलकी मानत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने समाजमाध्यमांवरील पोस्टवर लक्ष ठेवणाऱ्या ‘सोशल मीडिया कम्युनिकेशन हब’साठी निविदा काढली, तेव्हा हे पाळत ठेवणारे राज्य होईल अशी चिंता सर्वोच्च न्यायालयात व्यक्त झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. ते योग्यच झाले. एका माणसाच्या लिहिण्याचा माग काढणे वेगळे, आणि हजारो पोस्टमधून नावे गाळून कोणत्या चौकात किती वाजता पाणी भरले हे मोजणे वेगळे. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हा भेद ओळखला आहे. विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी माहिती वापरली जाणार नसेल आणि ठरवलेले निकष पाळले जाणार असतील, तर संशोधन व सांख्यिकीला त्यात सूट आहे. मात्र अभ्यास करण्याची मुभा असली तरी ती सामग्री देण्याचे बंधन कंपन्यांवर नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यातील ४० व्या कलमाने अतिविशाल माध्यमांवर, म्हणजे तेथे ४.५ कोटी किंवा अधिक वापरकर्ते असणाऱ्यांवर, पात्र संशोधकांना सार्वजनिक सामग्री उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले आहे. त्यात संशोधकाने व्यापारी हितसंबंधांपासून मुक्त असावे, पैसा कुठून येतो ते सांगावे आणि माहिती सुरक्षित ठेवावी अशा अटी आहेत.

याच धर्तीचे कलम भारतीय कायद्यात यावे, आणि त्यात विद्यापीठांइतकाच जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांचा विचार व्हावा, अशी मागणी महाराष्ट्रातील खासदारांनी संसदेत करावी, ही माझी विनंती आहे. राज्यातील विद्यापीठांनीही आपापल्या नीतिसमित्यांमार्फत अशा संकलनाचे नियम आतापासूनच लिहून ठेवावेत. नावे केव्हा गाळायची, पुसलेल्या पोस्ट किती दिवसांत काढून टाकायच्या, संच कोणाच्या ताब्यात राहील, हे सगळे परवानगी मिळाल्यावर घाईघाईने ठरवण्याचे विषय नाहीत.

आपला,
संख्याशास्त्राचा एक अध्यापक, पुणे