यॉर्कला दोन तास पुरत नाहीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंड-स्कॉटलंड सहलींच्या जाहिरातींत लंडन आणि एडिंबरा यांच्या मधल्या टप्प्यावर यॉर्कचे नाव हमखास असते आणि पुढे लिहिलेले असते, ‘दोन तासांचा थांबा’. तेवढ्या वेळात मंडळी मिन्स्टर या भव्य चर्चच्या दारात फोटो काढतात, शॅम्बल्सच्या अरुंद गल्लीतून एक फेरी मारतात आणि बसमध्ये बसतात. जवळजवळ दोन हजार वर्षे सलग नांदते असलेले शहर असे उरकणे जिवाला लागते. या शहरात दोन मुक्काम करावेत असे कळकळीने सांगायचे आहे, आणि ते कसे जमवावे हेही.

आधी रेल्वेचे तिकीट, कारण पहिली चूक तिथेच होते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क साधारण दोन तासांवर, तिथून एडिंबरा आणखी अडीच तासांवर. लंडन-एडिंबरा असे स्वस्तातले ‘ॲडव्हान्स’ तिकीट काढून मध्ये यॉर्कला उतरता येईल अशी पुष्कळांची समजूत असते. तसे चालत नाही. ते तिकीट ठरलेल्या गाडीपुरतेच असते आणि मध्ये उतरून प्रवास तोडायची मुभा नसते. म्हणून लंडन-यॉर्क आणि यॉर्क-एडिंबरा अशी दोन वेगळी तिकिटे काढावीत. पुढच्या प्रवासात उजवीकडची खिडकी मागावी, बेरिकच्या आसपास रुळांना लागून समुद्र दिसतो.

मिन्स्टर सकाळी उघडल्याबरोबर पाहावे. पूर्वेकडची भव्य खिडकी सकाळच्या उन्हातच खुलते. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवली आणि मुदतीत काम पुरे केल्याबद्दल ठरलेले बक्षीस मिळून त्याच्या हाती एकूण ५६ पौंड पडले. खिडकीचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाच्या जवळपास आहे आणि चित्रचौकटी तीनशेच्या वर. सृष्टीच्या आरंभापासून जगाच्या अंतापर्यंतची बायबलमधली कथा त्यांत आहे. पण खालून नुसत्या डोळ्यांनी तो रंगीत पडदाच वाटतो. म्हणून छोटी दुर्बीण जवळ ठेवा. ती लावली की एकेका चेहऱ्यावरच्या रेघा, राक्षसांचे दात, देवदूतांच्या पंखांवरची पिसे वेगवेगळी दिसू लागतात. या काचा उतरवून, दुरुस्त करून पुन्हा बसवायला २०१८ साल उजाडले. आता त्यांच्या बाहेरच्या बाजूने अतिनील किरण अडवणारी दुसरी काच आहे, त्यामुळे रंग उडत नाहीत.

दक्षिणेकडच्या भागात मान वर करून छत पाहायला विसरू नये. ९ जुलै १९८४ च्या आगीत ते कोसळले. तिथल्या गुलाबाच्या आकाराच्या खिडकीच्या काचांना हजारो तडे गेले, तरी खिडकी उभी राहिली. नव्या छतातले काही नक्षीगोळे मुलांच्या स्पर्धेतून निवडलेल्या चित्रांवरून कोरले आहेत. त्यांतल्या एकावर चंद्रावर उतरलेला माणूस आहे.

तळघर मात्र अनेक जण वगळतात, आणि सगळ्यात जास्त शिकवणारी जागा तीच. १९६० च्या दशकात मधला मनोरा खचतो आहे असे लक्षात आले. सुमारे सोळा हजार टनांचा भार जुन्या पायावर टेकला होता. त्या पायाभोवती काँक्रीटचे पट्टे घालून ते पोलादी गजांनी आवळण्यासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा खाली रोमन लष्करी छावणीचे अवशेष सापडले. आज त्या तळघरात आपण रोमन भिंती, नॉर्मन पाया आणि विसाव्या शतकातले काँक्रीट एकाच नजरेत पाहतो. रोमन गटारातून अजून पाणी वाहते. इ.स. ७१ मध्ये वसलेल्या याच छावणीत ३०६ साली सैन्याने कॉन्स्टंटाइनला सम्राट घोषित केले. त्याचा पुतळा बाहेर दक्षिण दाराजवळ आहे.

मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत. आपल्या गडकिल्ल्यांवर चढणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण जिना गोल, अंधारा आणि इतका अरुंद आहे की एकाला मध्येच थांबावेसे वाटले तर मागची रांग थांबते. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेत घाबरणाऱ्यांनी खालीच राहावे. आठ वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, चढायची वेळ ठरवून घ्यावी लागते आणि हवा बिघडली की मनोरा बंद ठेवतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना दुपारपर्यंत आत फिरता येत नाही. सहलीतल्या निम्म्या तक्रारी याच एका कारणाने होतात. संध्याकाळच्या सांगीतिक प्रार्थनेला मात्र कोणीही विनामूल्य बसू शकते. तेवढा वेळ फिरायचे नाही, फोटो काढायचे नाहीत.

दुपारी शहराभोवतीच्या जुन्या तटावर जावे. सुमारे ३.४ किलोमीटरची ही चाल फुकट आहे. सकाळी आठला दारे उघडतात आणि अंधार पडायच्या आत बंद होतात, म्हणजे डिसेंबरात चारच्या आसपासच. दगडांवर बर्फ धरले तर त्या दिवशी तट बंदच. पूर्ण फेरीला दोन तास लागतात. वेळ कमी असेल तर बूथम बार ते मंक बार या दोन वेशींमधला तुकडा करावा, मिन्स्टर सगळ्यात सुंदर तिथून दिसते. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नये. पूर्वेला तट एकदम तुटतो तेव्हा वाट चुकली असे समजू नका. तिथे पूर्वी दलदलीचे तळे होते आणि पाणीच संरक्षण करी, म्हणून भिंत बांधलीच नव्हती. आणखी एक घोटाळा नावांचा होतो. इथे ‘बार’ म्हणजे वेस आणि ‘गेट’ म्हणजे रस्ता; हा दुसरा शब्द व्हायकिंगांच्या, म्हणजे समुद्रामार्गे येऊन इथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या, भाषेतून आला आहे. स्टोनगेटला दरवाजा शोधत फिरू नये.

हा तट टिकला तोही लोकांनी विरोध केला म्हणून. १८०० च्या सुमारास नगरपालिका तो पाडायला निघाली होती. काही भाग गेलेच, वेशींपुढची दुहेरी बांधकामे पाडली गेली. तसे बांधकाम आता फक्त वॉल्मगेट बारला उरले आहे. मुंबईत १८६० च्या दशकात इंग्रज सरकारनेच किल्ल्याचा तट पाडला आणि आपल्याकडे ‘फोर्ट’ हे नावच तेवढे राहिले. यॉर्कच्या तटावरून चालताना मुंबईकराला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

यॉर्विक व्हायकिंग केंद्राची वेळ आधी नोंदवून जावे, शाळांच्या सुट्टीत बाहेर लांब रांग असते. कॉपरगेट इथे १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले, त्याच जागेखाली हे केंद्र आहे. इथल्या ओल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या मातीत लाकूड, कातडे, कापड कुजलेच नाही. डब्यात बसवून पुन्हा उभारलेल्या व्हायकिंग गावातून फिरवतात ते मुलांना आवडतेच, पण मोठ्यांनी नंतरच्या दालनात रेंगाळावे. एक लोकरी मोजा आहे, एकाच सुईने गाठी घालत विणलेला, टाचेचा आकार अजून धरून असलेला. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पायाचे माप डोळ्यांसमोर येते.

क्लिफर्ड्स टॉवरला जाण्याआधी तिथला इतिहास माहीत असावा. मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने शहरातल्या ज्यू कुटुंबांनी या टेकडीवरच्या लाकडी बुरुजात आसरा घेतला. सुमारे दीडशे माणसे तिथे मेली. अनेकांनी आपल्याच माणसांच्या हातून मरण पत्करले, जे शरण आले त्यांना ठार केले. आजचा दगडी बुरूज नंतरच्या शतकातला आहे. पायथ्याशी स्मृतिफलक आहे, तो वाचून मगच ५५ पायऱ्या चढाव्यात. ही जागा भुताखेतांच्या गोष्टींत गुंडाळून सांगणाऱ्या वाटाड्यांना थांबवून हे विचारावे.

समोरच्या कॅसल म्युझियममध्ये उभारलेला व्हिक्टोरियन काळचा अख्खा रस्ता आहे, त्याला दीड-दोन तास द्या. यॉर्कशायर म्युझियमच्या बागेत रोमन बुरूज आणि सेंट मेरी मठाचे अवशेष विनातिकीट दिसतात.

रेल्वे संग्रहालय स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि प्रवेश मोफत आहे. १९३८ साली ताशी १२६ मैल धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारे ‘मॅलर्ड’ तिथेच आहे. सगळे त्याच्याभोवती गर्दी करतात. त्याच दालनात चीनसाठी बनवलेले एक प्रचंड इंजिन आहे, तेही पाहा. ते लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीचे आहे, आणि १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी ओढणारी इंजिनेही त्याच कारखान्यातून आली होती.

सहल कंपन्यांना एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत यॉर्कचा वार छापा, आणि मिन्स्टर ‘आतून’ दाखवणार की ‘बाहेरून’ हेही छापा. तिकीट किमतीत धरले आहे की नाही, ते पैसे भरण्याआधी ग्राहकाला कळू द्या.

आपला,
एक वाचक, पुणे